चौकशी आणि विचारपूस

नातवाचा पहिला वाढदिवस होता. तो तिकडे स्पेनमध्ये, बायादोलिद शहरात. मी इकडे नाशिकला, गंगापूर रोडवरच्या घरात, टॅबलेटसमोर. आमचे हे जाऊन सात महिने झाले होते. कपाटातली येवल्याची पैठणी काढावी की नाही, यावर मी सकाळपासून मनातल्या मनात वाद घालत होते. शेवटी नेसले. लेक केकच्या गडबडीत, जावई मेणबत्त्या शोधतोय, म्हणून त्यांच्याकडचा फोन विहिणीच्या हातात आला. तिने चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणला आणि हळू, माझ्यासाठी मुद्दाम हळू, विचारलं, "कोमो लो येवास?"

मला तिन्ही शब्द येत होते. कोमो म्हणजे कसं. लो म्हणजे तो किंवा ते. आणि येवास हे येवार या क्रियापदाचं रूप. पुस्तकातल्या कपड्यांच्या धड्यात त्याचा अर्थ अंगावर घालणे, नेसणे असा दिला होता. साडीला स्पॅनिशमध्ये 'एल सारी' म्हणतात आणि ती पुल्लिंगी आहे, त्यामुळे 'लो' अगदी बरोबर बसत होतं. व्याकरणात कुठेही फट नव्हती. मी उठले, दोन पावलं मागे गेले आणि साडी कशी नेसतात ते दाखवलं. निऱ्या मोडल्या, पुन्हा घातल्या, पदर काढून परत घेतला. "आसी, आसी" म्हणत राहिले. आसी म्हणजे असं. दोन भाषांचं इतकं जुळतंय याचाही आनंद होता. विहीण थोडा वेळ गप्प बघत राहिली. मग "के बोनीतो" म्हणाली, किती सुंदर, आणि फोन लेकीकडे दिला.

रात्री लेकीचा परत फोन. "आई, ती साडीचं नव्हती विचारत. बाबा गेल्यावर तू कसं निभावतेयस, असं विचारत होती."

येवार म्हणजे वाहून नेणे. ओझं, पिशवी, मूल, दुःख. कोमो लो येवास: कसं पेलतेयस? स्पेनमध्ये हा प्रश्न घरोघर विचारतात. परीक्षा जवळ आली तरी विचारतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी विचारतात, माणूस गेलं तरी. माझ्याकडे तेव्हा देले परीक्षेचं ए-दोन पातळीचं प्रमाणपत्र होतं. ऐकण्याच्या भागात गुण चांगले होते.

त्या दिवसानंतर मी माझी स्पॅनिशची पुस्तकं, वह्या, फोनमधलं ॲप, सगळं पुन्हा काढून पाहिलं. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर पाठ्यपुस्तकाकडे संशयाने बघायची सवय लागतेच. यावेळी एकच गोष्ट पाहायची होती: या सगळ्यांनी मला प्रश्न म्हणून काय शिकवलं?

पहिल्या धड्यातले प्रश्न कुठल्याही पुस्तकात थोड्याफार फरकाने हेच. कोमो ते यामास, तुझं नाव काय. दे दोन्दे एरेस, तू कुठली. क्वान्तोस आन्योस तिएनेस, वय किती. आ के ते देदिकास, काय करतेस. नाव, गाव, वय, धंदा. हे प्रश्न वाईट नाहीत, कधीतरी लागतातच. पण ते विचारतं कोण? व्हिसाच्या खिडकीतला माणूस विचारतो, शिरगणतीला आलेला विचारतो, पोलीस विचारतो. आपल्याकडे याला चौकशी म्हणतात. पुढच्या धड्यांत स्टेशन कुठे, खोलीचं भाडं किती, गाडी किती वाजता, असे प्रश्न येतात. तिथे चौकशी करणारी बाजू बदलते, एवढंच. आता आपण विचारतो आणि परका माणूस उत्तर देतो.

मराठीत याच्या शेजारी दुसरा एक शब्द आहे, विचारपूस. विचारपूस करणाऱ्याला माहिती नको असते. शेजारीण "जेवलात का?" विचारते तेव्हा तिला माझ्या पोटाची नोंद ठेवायची नसते. "काय, कसं काय?" या प्रश्नाला उत्तर द्यायला बसलं तर विचारणाराच गडबडतो. जिन्यात भेटलेल्या माणसाला "बाजारात का?" विचारायचं, तेही हातात पिशवी दिसत असताना. माझी आजी तर घराबाहेर पडणाऱ्याला "कुठे निघालात?" विचारू द्यायची नाही, काम होत नाही म्हणायची, "लांब का?" असं विचारायचं. म्हणजे माहिती मागणारा शब्द मुद्दाम टाळायचा, पण विचारायचं मात्र नक्की. इंग्रजीतही माणसं एकमेकांची विचारपूस करतात, नाही असं नाही. पण त्या भाषेतून लिहिलेलं आमचं पुस्तक तिला 'अभिवादने' नावाच्या अर्ध्या पानात कोंबतं आणि चौकशीकडे वळतं.

स्पॅनिश माणसं, निदान माझ्या विहिणीच्या घरातली, दिवसभर विचारपूस करत असतात. के ताल? हे आपलं कसं काय. कोलंबियातली माणसं भेटल्याभेटल्या "के मास?" विचारतात, शब्दशः 'अजून काय?' आमच्या वर्गातला एक मुलगा यावर चक्रावला होता. अजून काय म्हणजे? आधी काय सांगितलं? त्याला म्हटलं, तू मित्राला फोन करून "बाकी काय?" म्हणतोस तेव्हा आधी काय झालेलं असतं? तो हसला आणि त्याने वहीत के मासच्या पुढे 'बाकी काय' लिहिलं. त्या आधी तिथे इंग्रजीत तीन शब्द लिहून खोडलेले होते.

आमचा तो वर्ग कॉलेज रोडवरच्या एका खोलीत भरायचा. दहा-अकरा जण. अंबडच्या कारखान्यातले दोन इंजिनिअर, परदेशी शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुली, वाइनरीत पाहुण्यांना फिरवणारा एक जण. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की दिंडोरीकडे तेम्प्रानीयो नावाची स्पॅनिश द्राक्षं लावली आहेत आणि तेम्प्रानो म्हणजे लवकर. लवकर पिकणारं द्राक्ष. माझं शिकणं दोन वर्षं झालं आणि मला वाटतं त्यातला सगळ्यात पक्का बसलेला शब्द हाच. आम्ही सगळे मराठी बोलणारे, शिक्षिकाही मराठी, भाषा स्पॅनिश आणि मधे पुस्तक इंग्रजीचं. नाशिकहून पंचवटीला जायचं तर मुंबईमार्गे जावं, तसा हा प्रकार.

उदाहरण देते. 'ते गुस्ता?' म्हणजे तुला आवडतं का. इंग्रजी बोलणाऱ्याला हे वाक्य उलटं वाटतं, कारण त्याच्याकडे माणूस वस्तूला आवडवून घेतो, तोच कर्ता. म्हणून पुस्तकात दोन पानं समजावणी, बाणांच्या आकृत्या. आणि आम्ही अकरा मराठी माणसं त्या आकृत्या वहीत उतरवून घेत होतो! आपण आयुष्यभर मला आवडतं, मला दुखतं, मला वाटतं असंच बोलत आलोय. ते दुएले म्हणजे तुला दुखतंय का. ते आपेतेथे म्हणजे तुला घ्यावंसं वाटतंय का. शब्द नवा, वाक्य जुनंच.

किंवा 'के ओरा सेरा?' यातलं सेरा हे भविष्यकाळाचं रूप आहे, पण प्रश्न आत्ताच्या वेळेचा. पुस्तकाने याला मोठं नाव दिलं, चौकट काढली, अपवाद म्हणून शिकवलं. मराठीत फक्त एवढंच: किती वाजले असतील? घड्याळ कुणाकडेच नाही, उत्तराचा आग्रहही नाही. 'नो तेन्द्रास उन बोलिग्राफो?' हेही तसंच: तुझ्याकडे पेन नसेल ना? नकार आधीच मान्य करून मागायची ही रीत आपली रोजची. हॉटेलात 'मे पोनेस उन काफे?' म्हणतात, एक कॉफी देतोस का. साधा वर्तमानकाळ. कृपया नाही, शकाल का नाही. इंग्रजीच्या चष्म्यातून हे उद्धट दिसतं म्हणून आमच्या पुस्तकाने आधी लांबलचक आर्जवाचा प्रकार शिकवला. लेक सांगते की तो वापरून मी तिथल्या कोपऱ्यावरच्या बारमध्ये कॉफी मागितली तेव्हा तो माणूस मला न्यायालयातून आलेली समजला असावा.

उच्चाराचंही तेच. इंग्रजी माणसाला सांगावं लागतं की क, प, त म्हणताना तोंडातून हवा सोडू नकोस, त दाताला जीभ लावून म्हण. आपल्याकडे क वेगळा आणि ख वेगळा, त वेगळा आणि ट वेगळा. बाराखडी येणाऱ्याला हे काय शिकवायचं? पण ॲपमधल्या सूचना आपल्याला इंग्रजी माणूस समजूनच दिलेल्या असतात, आणि आमच्यातल्या मुली टाको म्हणायला लागल्या. ताको म्हणा, बायांनो. देवनागरीत लिहिलेलं जसंच्या तसं वाचा.

एवढं सगळं जुळत असताना मग ऐकू का येत नाही? वर्गात सगळ्यांची एकच तक्रार, ते फार भरभर बोलतात. ते खरंच आहे. फ्रान्समधल्या ल्यों इथल्या संशोधकांनी 2011 मध्ये काही भाषांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात स्पॅनिश सेकंदाला साधारण 7.8 अक्षरं आणि इंग्रजी 6.2 अक्षरं असा वेग निघाला. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की भरभर बोलल्या जाणाऱ्या भाषेच्या एकेका अक्षरात मजकूर कमी असतो; ठरावीक वेळात पोचणारा ऐवज जवळपास सारखाच. म्हणजे सगळी अक्षरं पकडायची गरज नाही. अडचण वेगापेक्षा शब्दांच्या एकमेकांत मिसळण्याची आहे. 'के आस एचो ओय?', आज काय केलंस, हे कानावर 'केआसेचोय' असं एकच पडतं. मी हे घरकामाला येणाऱ्या बाईंना ऐकवलं तर त्या म्हणाल्या, "आपणबी काय येगळं बोलतो?" खरंच आहे. 'कुठे आहेस' आपण लिहितो, बोलतो कुठंयस. जेवलास का चं जेवलास्का होतं. परक्याने मराठी पुस्तकातून शिकून आमच्या रविवार कारंजावर उभं राहावं म्हणजे त्याला कळेल.

खरी अडचण प्रश्न ओळखण्याचीच आहे. मराठीत शेवटी 'का' येतो आणि सांगतो की हा प्रश्न होता. स्पॅनिशमध्ये हो-नाहीच्या प्रश्नाला असा शब्दच नाही. तू येतेस आणि तू येतेस का, दोन्ही 'बिएनेस'. फरक फक्त आवाजाच्या चढाचा. लिहिताना ही पंचाईत स्पेनच्या भाषा अकादमीच्याही लक्षात आली होती. 1754 मध्ये तिने ठरवलं की लांब प्रश्नाच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह घालावं, म्हणजे वाचणाऱ्याला आधीच कळेल. पुढे ते सगळ्याच प्रश्नांना लागलं. आपल्याकडे विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात मेजर कँडीने रुजवली, इंग्रजीच्या धर्तीवर, शेवटी एकच चिन्ह. आपल्याला त्यात काही कमी वाटलं नाही, कारण 'का' होताच. पण बोलताना उलटं चिन्ह कोण दाखवणार? विहीण बोलता बोलता थांबते आणि माझ्याकडे बघत राहते तेव्हा मला कळतं की मघाशी प्रश्न होऊन गेला.

मी बघत राहिले की ती पुन्हा विचारते, आणि पुन्हा विचारताना पुढे 'के सी' लावते. 'के सी आस कोमिदो?' या के सी ने मला सहा महिने छळलं. के म्हणजे की, सी म्हणजे जर. की जर जेवलीस? जेवले तर काय? एका दुपारी अचानक कळलं की हे आपलं "म्हटलं" आहे. "जेवलीस का म्हटलं!" ऐकू न आलेला प्रश्न दुसऱ्यांदा विचारताना आपण शेवटी म्हटलं लावतो, ते सुरुवातीला के सी लावतात. ज्याला ऐकू येत नाही अशा माणसासाठी, म्हणजे शिकणाऱ्यासाठी, याहून उपयोगाची गोष्ट कुठली? आमच्या दोन्ही पुस्तकांत ती नव्हती. पुस्तकातली माणसं एकमेकांचं पहिल्यांदाच ऐकतात. तसंच व्हिडिओ कॉलवरचा पहिला प्रश्न, 'से मे ओये?', ऐकू येतंय का. 'तू मला ऐकू शकतेस का' नाही. दोन्ही भाषांत ऐकू येणं आपलं आपण होतं. पुस्तकात तोही नव्हता.

आता हे सगळं लिहिताना असा समज होईल की मराठी कानाला स्पॅनिश फुकट मिळते. तसं नाही. 'आस कोमिदो?' चीच गोष्ट. हिवाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढे असतो. विहीण दुपारी अडीच-तीनला, जेवण आटपून फोन करते, तेव्हा इथे संध्याकाळचे सात-साडेसात. तिने विचारलं, जेवलीस का. मी म्हटलं, नाही अजून. ती हबकली. नंतर आठवडाभर लेकीला विचारत होती की तुझी आई एकटी पडल्यापासून खाते-पिते की नाही. स्पेनमध्ये कोमेर म्हणजे दुपारचं जेवण. रात्रीच्याला थेनार असं वेगळं क्रियापद आहे. माझ्या उत्तराचा अर्थ, संध्याकाळी सात वाजेपर्यंत ही बाई उपाशी आहे, असा झाला. इथे मराठीनेच मला फसवलं, आपल्याला दोन्ही वेळा जेवणंच.

आणि तू-तुम्ही. स्पॅनिशमध्ये तू म्हणजे तूच. शब्दही तोच, अर्थही तोच. मानाचा उस्तेद. तो 'वुएस्त्रा मेर्थेद' यावरून झिजून आला, आपली कृपा अशा अर्थाचा. सांचो पान्सा आपल्या मालकाला असंच संबोधतो. म्हणून उस्तेदचं क्रियापद तृतीयपुरुषी, आपल्या 'आपण येणार का'सारखं बाजूने जाणारं. अरेतुरे करणे याला त्यांच्याकडे तुतेआर असं सरळ क्रियापद आहे. पहिल्या भेटीतच विहीण मला अगं-तुगं करायला लागली आणि मी तिला 'कोमो एस्ता उस्तेद?' विचारत राहिले. विहिणीला एकेरी? आमच्या नात्यात ऐकणारे काय म्हणतील! तिला वाटलं मी अंतर ठेवतेय, किंवा ती म्हातारी दिसते. जावयाने समजूत घातली. त्यांच्या भाषेत विहिणीला शब्द आहे, कोन्सुएग्रा. इंग्रजीत नाही, म्हणून आमच्या पुस्तकातल्या कुटुंबाच्या धड्यातही नव्हता. पणजोबा होते, सावत्र भाऊ होते, पण मुलीची सासू ही मुलीच्या आईची कोण लागते हा प्रश्न त्या पुस्तकाला पडलाच नाही. आता ती मला विहीणबाई म्हणते. ह त्यांच्याकडे उच्चारत नाहीत आणि शब्दाच्या सुरुवातीच्या व चा ब होतो, त्यामुळे बिईनबाई.

लेक सुटीला आली तेव्हा मी तिला म्हटलं, मला असं पुस्तक दे ज्यात माणसं नुसती बोलतात. तिने 'एल हारामा' आणून दिलं, राफाएल सान्चेस फेर्लोसियो यांची कादंबरी, आणि सोबत मार्गारेट जल कोस्टा यांचं इंग्रजी भाषांतर. कादंबरीला 1955 चा नादाल पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी ती प्रसिद्ध झाली. उन्हाळ्यातला एक रविवार. माद्रिदमधली दहा-अकरा तरुण मुलंमुली हारामा नदीवर पोहायला येतात. जवळ एक दारूचं दुकान आहे, तिथे गावातली मोठी माणसं बसलेली असतात. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ही दोन टोळकी बोलतात. बाकी काही होत नाही, आणि शेवटाकडे एक मुलगी बुडते.

मी हे सात महिने वाचलं, एका बाजूला मूळ, एका बाजूला भाषांतर. खरं सांगायचं तर मधली शंभरेक पानं कंटाळवाणी आहेत. स्वतः लेखकाला पुढे ही कादंबरी आवडेनाशी झाली होती, ते वाचून मला बरं वाटलं. पण कान तयार करायला याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही. यातले प्रश्न बघावेत. पाण्यात उतरायचं का, बाटली कुणाकडे आहे, रागावलीस का, किती वाजले असतील, सावलीत सरकू या का. जवळजवळ एकाही प्रश्नाला माहिती नको आहे. कुणी प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतं, कुणी देतच नाही, आणि तरी सगळ्यांना कळलेलं असतं. भाषांतर उत्तम आहे, पण तिथे हे प्रश्न थोडे सरळ होऊन बसतात, कुणाला तरी काहीतरी हवं असल्यासारखे. मी समासात पेन्सिलने मराठी लिहीत गेले. "बसायचं?" "झालं का?" "आता काय?" मराठीत ते सैल राहतात. नाशिककराला या कादंबरीत वेगळी ओळख पटते. सोमेश्वरला किंवा गंगापूर धरणाकडे रविवारी गेलेल्या पोरांच्या टोळ्या आणि सोमवारच्या पेपरातली बातमी.

मुलगी बुडाल्यावर न्यायाधीश येतो. आणि दिवसभर ऐकलेली भाषा एका पानात बदलते. जबान्या सुरू होतात: नाव, वय, व्यवसाय, राहणार कुठे. मी तिथे थांबले. हे माझ्या पुस्तकाच्या पहिल्या धड्यातले प्रश्न होते, त्याच क्रमाने म्हटलं तरी चालेल. मघापर्यंत एकमेकांना कांदा-भाकरीसारखे प्रश्न देणारी ही मुलं आता उस्तेद होतात, आडनावासकट. त्यांना या प्रश्नांची उत्तरं नीट देता येतात. मैत्रीण कशी गेली याचं उत्तर कुणालाच देता येत नाही.

तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये, 1967 च्या त्या नाटकात, उलटा प्रवास आहे. तिथे गप्पा मारता मारता, गंमत म्हणून चौकशी सुरू होते आणि खेळातल्या वकिलाचे प्रश्न बेणारेबाईंच्या अंगावर खरे होऊन येतात. फेर्लोसियो आणि तेंडुलकर, दोघांचा कान एका जातीचा. प्रश्न विचारण्यात कुणाचा हात वर आहे हे दोघांना अचूक ऐकू येतं. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनी हे दोघे वाचले असते तर पहिल्या धड्याला त्यांनी एवढी घाई केली नसती. (नेरुदांचं प्रश्नांचं पुस्तकही लेकीने दिलं होतं, त्यांच्या मृत्यूनंतर 1974 मध्ये निघालेलं. ते प्रश्न सुंदर आहेत, पण ते कुणी कुणाला विचारत नाही. माझ्या कामाचे नव्हते.)

ह्यांच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो होतो तेव्हाही गुरुजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं, तिथी विचारली. त्यांचं काम ते. परत येताना पायऱ्यांवर फुलं विकणारी एक बाई होती. मी तिच्याकडून काही घेतलं नव्हतं. ती म्हणाली, "चहा घेतला का, ताई?" मी हो म्हटलं. घेतला नव्हता.

मला कधी कधी वाटतं, कोमो लो येवास विचारलं गेलं तेव्हा मी शब्दांनीच फसले का? पुस्तकाने येवारचा एकच अर्थ दिला होता हे खरं, आणि त्याबद्दलचा माझा राग खराच आहे. पण सकाळपासून माझ्या डोक्यात पैठणी होती. कुणीतरी साडीवरून काही म्हणेल याची मी वाट पाहत होते. प्रश्न हळू आला होता, कोपऱ्यातून नव्हता आला, चेहरा अगदी समोर होता. मराठीत कुणी तोच चेहरा करून "काय गं?" एवढंच म्हटलं असतं तरी मला कळलं असतं. परक्या भाषेत मी शब्दांकडे इतकी बघत होते की चेहऱ्याकडे बघायचं राहिलं. देले परीक्षेत चेहरा नसतो. ध्वनिफीत असते, ती दोनदा वाजते, आणि तीन पर्यायांतला एक निवडायचा असतो.

मागच्या महिन्यात विहिणीच्या थोरल्या बहिणीला वृद्धाश्रमात ठेवलं. लेकीकडून कळलं होतं. रविवारी फोन आला तेव्हा ती नेहमीसारखी आधी से मे ओये म्हणाली, मग जेवलीस का. मी रात्रीचं नाही, दुपारचं जेवले असं नीट सांगितलं. मग विचारलं, "कोमो लो येवास?" उस्तेद नाही, तू लावून. तिने चष्मा काढून बाजूला ठेवला आणि बोलायला लागली. मधे दोनदा थांबली, मी दोन्ही वेळा 'ई एसो?' म्हटलं, म्हणजे असं कसं. ती बावीस मिनिटं बोलली. मला साधारण एक तृतीयांश कळलं.